फोनमधलं लोकेशन ट्रॅकिंग आटोक्यात कसं आणायचं

स्क्रीन वरून खाली ओढली की लोकेशनचं जे बटण दिसतं ते बंद केलं की झालं, असं खूप जण धरून चालतात. मग रस्ता शोधायला किंवा कॅब बुक करायला ते परत चालू करावं लागतं आणि तसंच राहून जातं. ते बटण म्हणजे मेन स्विच आहे, पण खरा प्रश्न आहे तो कुठल्या अ‍ॅपला लोकेशन मिळतं, कधी मिळतं आणि किती बारीक मिळतं, आणि या तिन्हीच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या आहेत. त्या एकदा नीट लावल्या की मेन स्विच चालू ठेवूनही बरीचशी गळती थांबते. तर फोन हातात घ्या आणि वाचत वाचतच करत जा, नंतर करू म्हटलं की राहतं.

करायच्या आधी एक समजून घ्या. जीपीएस स्वतः तुमची माहिती कुठेही पाठवत नाही, फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो आणि आपण कुठे आहोत याचा हिशोब स्वतःच करतो, जोडीला आसपासचे वायफाय राउटर आणि मोबाइल टॉवर वापरतो. लोकेशन बाहेर जातं ते अ‍ॅपमधून, इंटरनेटवरून. आणि बऱ्याच फुकट अ‍ॅप्समध्ये जाहिरात कंपन्यांचा तयार कोड बसवलेला असतो, तो हे लोकेशन उचलतो, ते पुढे डेटा ब्रोकरकडे, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपनीकडे जातं आणि तिथून जो पैसे देईल त्याला मिळू शकतं.

विकल्या जाणाऱ्या या डेटाची एक ओळ साधारण अशी असते: फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेली वेगळी ओळखखूण), अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ. नाव नाही, नंबर नाही. म्हणून कंपन्या म्हणतात की डेटा निनावी आहे. पण एखादा फोन रोज रात्री एका घरात असतो आणि दिवसा एका ऑफिसात असतो, असं त्या घरात राहून त्या ऑफिसात जाणारं माणूस कितीसं असणार? बहुतेक वेळा एकच. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख लोकांचा १५ महिन्यांचा मोबाइल डेटा तपासला होता, त्यात कुठल्या वेळी कुठे असे फक्त चार ठिपके माहीत असले की ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येत होते, आणि तोही डेटा टॉवरवरून आलेला, म्हणजे जीपीएसइतका बारीक नव्हताच. २०२१ मध्ये अमेरिकेत एका वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरूला पद सोडावं लागलं कारण बाजारात विकत मिळणाऱ्या अशाच डेटातून कोणीतरी त्याचा फोन शोधून काढला आणि तो कुठे कुठे गेला होता ते छापून आणलं. हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, यासाठी मोठं माणूस असावं लागत नाही.

पहिलं काम, अ‍ॅप्सची यादी उघडा

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग लोकेशन, मग अ‍ॅप लोकेशन परमिशन्स. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस. (अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडची तिकडे असतात, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये लोकेशन टाका.) सगळ्यात आधी ज्यांना कायम परवानगी आहे ती अ‍ॅप्स बघा, अँड्रॉइडवर ऑल द टाइम, आयफोनवर ऑल्वेज. ही अ‍ॅप्स तुम्ही उघडली नसली तरी मागून लोकेशन घेऊ शकतात. इथे फारच थोडी नावं राहायला हवीत, फोन शोधायचं अ‍ॅप, घरच्यांशी लोकेशन शेअर करायचं अ‍ॅप, बस. बाकी सगळ्यांना व्हाइल यूझिंग वर आणा, म्हणजे अ‍ॅप वापरताना तेवढंच. आयफोनवर काही अ‍ॅप्सच्या नावापुढे छोटा बाण दिसेल, जांभळा असेल तर त्याने नुकतंच लोकेशन घेतलंय, करडा असेल तर गेल्या २४ तासांत कधीतरी. वापरलंच नाही अशा अ‍ॅपपुढे बाण दिसला तर काय करायचं ते वेगळं सांगायला नको.

मग एकेक अ‍ॅप घेऊन स्वतःला विचारा की याला मी कुठे आहे हे कळलं नाही तर याचं काम अडेल का. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, कीबोर्ड, गेम, फोटो एडिटर, यांचं काहीही अडत नाही, सरळ डोन्ट अलाऊ. शॉपिंग अ‍ॅपला पत्ता तुम्ही टाइप करून दिलेलाच असतो, त्याला लाइव्ह लोकेशन कशाला. हवामानाचं अ‍ॅप तर मुद्दाम बघा, कारण ते मागितलं की आपण पटकन हो म्हणतो, हवामान म्हटल्यावर लोकेशन लागणारच ना! पण त्याला फक्त गाव लागतं. परमिशन काढून टाका आणि अ‍ॅपमध्ये गावाचं नाव हाताने टाका, पाऊस तोच दाखवेल. नकाशे आणि कॅब यांना लागतं, ते वापरताना द्या. आणि क्वचित लागणाऱ्या अ‍ॅपला आस्क एव्हरी टाइम वर ठेवा, आयफोनवर याला आस्क नेक्स्ट टाइम म्हणतात.

दुसरं, बारीक लोकेशन बंद करा

हे फार जणांना माहीतच नसतं आणि माझ्या मते सगळ्या यादीत सगळ्यात कामाची सेटिंग हीच आहे. त्याच यादीत अ‍ॅपच्या नावावर टॅप केलं की अँड्रॉइडवर यूझ प्रिसाइस लोकेशन आणि आयफोनवर प्रिसाइस लोकेशन असं बटण दिसतं. आयफोनवर हे २०२० च्या आयओएस १४ पासून आहे, अँड्रॉइडवर २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून. बंद केलं की अ‍ॅपला नेमका ठिपका मिळत नाही, मोघम परिसर मिळतो, अँड्रॉइडवर साधारण तीन चौरस किलोमीटरचा, आयफोनवर काही किलोमीटरचा. फरक किती ते आकड्यांत बघा, अक्षांशात दशांश चिन्हानंतर चार आकडे असतील तर जागा ११ मीटरपर्यंत कळते म्हणजे जवळजवळ तुमचं दार, आणि दोनच आकडे असतील तर एक किलोमीटरच्या आसपास, त्यात शेकडो घरं येतात. बातम्या, जवळची दुकानं, डेटिंग अ‍ॅप, सोशल मीडिया, सगळ्यांचं प्रिसाइस बंद. रस्ता दाखवणारं अ‍ॅप आणि कॅब सोडून बाकी कोणाला फारसा फरक पडत नाही.

तिसरं, जाहिरात आयडी काढून टाका

मघाशी जी ओळ सांगितली त्यात सगळ्या ठिपक्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे हा आयडी. एका अ‍ॅपने सकाळचं लोकेशन विकलं आणि दुसऱ्याने रात्रीचं, तरी आयडी एकच असल्यामुळे ते जुळतं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गूगल, मग अ‍ॅड्स, तिथे डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, त्यानंतर अ‍ॅपने आयडी मागितला तर नुसते शून्य मिळतात. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ट्रॅकिंग उघडा आणि अलाऊ अ‍ॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक बंद करा. फोनमध्ये काहीच बिघडत नाही. जाहिराती येतच राहतात, फक्त तुमच्या मागे मागे फिरणाऱ्या कमी होतात.

यात सरकारी यंत्रणा काय करते म्हणाल, तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२२ मध्ये कोचावा या डेटा ब्रोकरवर खटला भरला, कारण त्यांच्या डेटावरून दवाखाने, प्रार्थनास्थळं, पीडित महिलांची आश्रयस्थानं इथे कोण येतं जातं ते माग काढता येत होतं, असं आयोगाचं म्हणणं. जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोड नावाच्या कंपनीला असा संवेदनशील लोकेशन डेटा विकायला बंदी घातली. पण खटला उभा राहीपर्यंत डेटा विकला गेलेला असतो, म्हणून आयडी आजच काढा.

चौथं, गूगल अकाउंट

इथे दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत आणि लोक एकच बंद करतात. एक टाइमलाइन, जिला आधी लोकेशन हिस्टरी म्हणायचे, आणि दुसरी वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे गूगलवर काय शोधलं, काय वापरलं त्याची नोंद. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने दाखवून दिलं की लोकेशन हिस्टरी बंद केली तरी दुसऱ्या सेटिंगमधून जागा साठवल्या जात होत्या, त्यावरून पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तर गूगल अकाउंटमध्ये जा, डेटा अँड प्रायव्हसी उघडा, टाइमलाइन बंद करा, वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी बंद करा किंवा निदान ऑटो डिलीट तीन महिन्यांवर ठेवा. बंद केल्याने जुनं साठलेलं आपोआप जात नाही, ते वेगळं डिलीट करावं लागतं, हे विसरू नका. आयफोनवर लोकेशन सर्व्हिसेसच्या अगदी तळाशी सिस्टम सर्व्हिसेस आहे, त्यात सिग्निफिकंट लोकेशन्स, म्हणजे तुम्ही नेहमी जाता त्या जागांची नोंद, बघून घ्या.

बाकीची छोटी कामं

अँड्रॉइडवर लोकेशन सर्व्हिसेसमध्ये वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असतं, ते चालू असेल तर वायफाय बंद असतानाही फोन आसपासची नेटवर्क शोधत राहतो. नको असेल तर बंद करा.

फोटोत जागा लपलेली असते, घरात काढलेल्या फोटोत घराचे अक्षांश रेखांश. कॅमेऱ्याची लोकेशन परमिशन काढली की नवीन फोटोंत ती येत नाही. जुने पाठवताना आयफोनवर शेअरच्या वेळी ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते, विकायच्या वस्तूचा फोटो अनोळखी माणसाला पाठवताना हे लक्षात ठेवा.

पळायचं किंवा सायकलचं अ‍ॅप वापरत असाल तर नकाशा सगळ्यांना दिसतोय का ते बघा. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या पळण्याच्या रेघांवरून लष्करी तळ दिसून आले होते. तुमच्या नकाशात रेघ जिथे सुरू होते आणि संपते ते घरच असतं, तर तेवढा भाग लपवायची सेटिंग लावा.

माणसांना दिलेलं लोकेशन

कंपन्यांपेक्षा इथे जास्त जपा. गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग, आयफोनवर फाइंड माय, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसीखाली लाइव्ह लोकेशन, तिन्ही उघडून कोणाकोणाला दिसतंय ते बघा. कधीतरी प्रवासात कोणाला तरी दिलेलं चालूच राहिलेलं असतं. बॅगेत किंवा गाडीत कोणी ट्रॅकर, म्हणजे जागा कळवणारं छोटं यंत्र, टाकला तरी हल्ली आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही अनोळखी ट्रॅकर सोबत फिरतोय अशी सूचना देतात, ती आली तर झटकून टाकू नका, त्यातलं साउंड वाजवायचं बटण दाबून शोधा.

आणि घरातलंच किंवा ओळखीचं माणूस पाळत ठेवतंय, धमकावतंय अशी परिस्थिती असेल तर वरचं सगळं एका झटक्यात बंद करू नका. लोकेशन अचानक गायब झालं की त्या माणसाला लगेच कळतं आणि धोका वाढू शकतो. आधी विश्वासातल्या कोणाशी किंवा मदत करणाऱ्या संस्थेशी बोला, तेही दुसऱ्याच्या फोनवरून, मग ठरवा. आयफोनवर यासाठी सेफ्टी चेक आहे, कोणाला काय दिसतंय ते एका जागी कळतं.

काय थांबत नाही

सिम चालू आहे तोवर मोबाइल कंपनीला तुम्ही कुठल्या टॉवरखाली आहात ते कळणारच, त्याशिवाय फोन लागत नाही. व्हीपीएन फक्त इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, अ‍ॅपला परमिशन दिलेली असेल तर जीपीएसचं लोकेशन तसंच जातं. ब्राउझरच्या इनकॉग्निटो मोडचाही यात काही उपयोग नाही. एअरप्लेन मोडमध्येही बऱ्याच फोनचं जीपीएस चालू राहतं आणि नेट आलं की अ‍ॅप साठवलेलं पाठवू शकतं.

दोन गोष्टी मात्र चालूच ठेवा, इमर्जन्सी लोकेशन आणि फोन हरवला तर शोधायची सोय. फोन अपडेट झाला किंवा नवीन अ‍ॅप घेतलं की पहिली यादी परत एकदा बघा, आणि बरेच दिवस न वापरलेल्या अ‍ॅपची परमिशन आपोआप काढायची सेटिंग अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅपच्या परमिशन पानावर खाली असते, ती चालू आहे ना तेवढं तपासून घ्या.