मन भरून आलं की आधी काय करायचं? बायबल घेऊन घरातच शिकता येईल असं काही

चर्च सुटल्यावर अंगणात कुणी विचारलं कसे आहात, की आपलं उत्तर ठरलेलं, "प्रभूच्या कृपेने सगळं ठीक." आणि घरी आल्यावर त्याच माणसाचा मुलांवर आवाज चढतो, भांडी आपटली जातात, नाहीतर दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. इंदूरच्या आपल्या किती तरी मराठी ख्रिस्ती घरांत मी हे बघते. उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत, आणि मनातलं कुठल्याच भाषेत नाही. लोक लगेच म्हणतात विश्वास कमी आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. भावना कशा हाताळायच्या हे कुणी शिकवलंच नाही हो आपल्याला, शिकवलं ते एवढंच की "प्रभूवर सोडून दे." बरोबरच आहे ते, पण मनात काय आहे तेच माहीत नसेल तर सोडणार काय? म्हणून हे लिहिते आहे, घरात, फेलोशिपमध्ये करून बघण्यासारखं.

इमोशनल इंटेलिजन्स हे नाव मानसशास्त्रात पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोघांच्या १९९० च्या लेखापासून रुळलं. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्यांच्यातला फरक कळायला हवा, आणि मग त्याचा उपयोग विचार करताना, वागताना करायचा, असं त्यांचं म्हणणं थोडक्यात. नाव नवीन असेल पण उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात बघा, काईन हाबेलावर जळतोय, अजून हात उचललेला नाही, आणि देव त्याला आधी प्रश्न विचारतो, तू का संतापलास, तुझं तोंड का उतरलं? शिक्षा नंतर, पहिले विचारपूस. काईनाने उत्तर दिलंच नाही, आणि पुढे त्याने आपल्या भावाला, हाबेलाला, ठार मारलं.

तर पहिलं काम हेच, त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिका. आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द चालतो, टेन्शन. मुलाच्या फीचं टेन्शन, नणंदेचं टेन्शन, रिपोर्टचं टेन्शन. रात्री झोपायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा, "आज मला अमुक वाटलं, कारण तमुक," आणि त्यात टेन्शन हा शब्द वापरायचा नाही. भीती होती का, लाज होती का, हेवा, एकटेपण, की नुसता थकवा? समजा सकाळी पाहुणे बसलेत आणि सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, पोह्यात मीठ नाहीये गं. दिवसभर चिडचिड होते, वाटतं आपल्याला राग आलाय. पण लिहायला बसलं की कळतं राग वरवरचा आहे, खाली लाज आहे, चार लोकांत कमी दिसल्याची. आता प्रार्थना बदलली की नाही! आधी आपण मागत होतो "प्रभू, यांना बुद्धी दे," आता मागू "प्रभू, लोकांच्या नजरेत माझी किंमत काय याची मला इतकी धास्ती का, ते बघ." ४२ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवालाच विचारतो, तू का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळत आहेस. एकदा नाही, त्याच स्तोत्रात दोनदा, आणि पुढच्या ४३ व्यात परत. म्हणजे एका बैठकीत उत्तर मिळालं नाही तरी चालतं.

कधी कधी मात्र एवढं खोल जायचीही गरज नसते, अंगच थकलेलं असतं. १ राजे १९ मधला एलीया संदेष्टा वाचा. रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला तिथे वचन ऐकवलं नाही. तो झोपला, दूताने उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला दिलं. "तू इथे काय करतोस" हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावरच्या गुहेत. तेव्हा घरात कुणी रडवेलं, चिडलेलं असेल तर आधी बघा जेवलाय का, झोप झालीये का. उपास चालू असताना घरातले मोठे निर्णय, पैशाचे हिशोब, जुनी भांडणं काढू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

आता राग. आपल्या मंडळ्यांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण राग म्हणजे पाप असं लहानपणापासून डोक्यात बसलंय. मार्क ३:५ काढा, वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, बरं करायचं की नाही यावर सगळे गप्प बसलेत, तेव्हा येशूने रागाने त्यांच्याकडे पाहिलं असं स्पष्ट लिहिलंय आणि त्याच वाक्यात त्यांच्या मनाच्या कठीणपणाबद्दल तो खिन्न झाला असंही. राग आणि दुःख सोबत सोबत. मग त्याने काय केलं, तर माणसाचा हात बरा केला. ही माझी कसोटी आहे रागाची, माझ्या रागातून कुणाचा तरी हात बरा होतोय का, की फक्त माझं समाधान होतंय.

करायचं कसं, ते यरुशलेमचा कोट परत बांधणाऱ्या नहेम्याकडून घ्या. पाचव्या अध्यायात गरिबांची शेतं सावकारीत गेल्याचं, मुलं गुलाम झाल्याचं ऐकून तो फार संतापला, पण पुढचंच वाक्य असं आहे की त्याने मनात विचार केला आणि मग सरदारांना जाब विचारला. संताप, विचार, मग बोलणं, असा क्रम. आपला क्रम म्हणजे संताप, व्हॉट्सअॅप, मग विचार. म्हणून फॅमिली ग्रुपवर काही बघून डोकं फिरलं तर उत्तर लिहायचंच असेल तर स्वतःच्या डायरीत लिहा, ग्रुपच्या चौकटीत लिहूच नका, बोट चुकून लागतं. आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी एकट्याने बोला, मत्तय १८:१५ अगदी सरळ सांगतं, तुझ्या भावाने अपराध केला तर तुम्ही दोघे एकांतात असताना त्याला सांग. आत्याला नाही, पास्टरांच्या मिसेसना नाही, प्रार्थनेचा विषय म्हणूनही नाही.

सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका या इफिसकरांच्या चौथ्या अध्यायातल्या वचनावरून एक सांगायचं आहे. काही नवरा-बायको याचा अर्थ असा घेतात की रात्री एक वाजेपर्यंत बसून भांडण मिटवायचंच. दोघं थकलेले, बोलणं आणखी बिघडतं. माझ्या मते "मला अजून वाईट वाटतंय, पण मी तुझ्या विरोधात नाही, सकाळी चहा झाला की बोलू" एवढं म्हणून झोपलं तरी त्या वचनाचं पालन होतं, फक्त सकाळी खरंच बोलायला हवं, विषय गिळून टाकायचा नाही.

दुःख आणि तक्रार देवाजवळ कशी न्यायची, याचा नमुना १३ वं स्तोत्र, फक्त सहा ओव्यांचं आहे, पाठ करून टाका. सुरुवातीलाच चार वेळा "कुठवर" असा प्रश्न. मग मागणं, माझ्याकडे बघ, उत्तर दे. आणि शेवटी भरवसा. तुम्हीही असंच लिहा: देवाला हाक, जे झालंय ते जसंच्या तसं, काय हवंय ते, आणि शेवटी जेवढा उरला असेल तेवढा विश्वास. जेवढा उरला असेल तेवढाच, जास्त दाखवू नका. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, गोड शेवट नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. स्तोत्रांमध्ये अशी विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत आणि आपण रविवारी गातो ती जवळजवळ सगळी आनंदाची, त्यामुळे ज्याच्या घरी नुकतंच मरण झालंय त्याला वाटतं या भवनात माझ्यासाठी गाणंच नाही. गायन मंडळातल्यांनी याचा खरंच विचार करावा.

दुसऱ्याचं ऐकणं हा पुढचा भाग, आणि इथे योहानाचा ११ वा अध्याय सावकाश वाचा. लाजर मेलाय, मार्था येऊन म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि शब्दशः तेच म्हणते. येशू मार्थेशी बोलतो, पुनरुत्थानाबद्दल समजावतो, तिला प्रश्न विचारतो. मरीयेला रडताना पाहून तो तिला काहीच समजावत नाही, कबर कुठे आहे विचारतो आणि रडतो. वाक्य एकच, बहिणी दोन, उत्तरं वेगळी, कारण समोरचं माणूस वेगळं. आणि थोड्या वेळात लाजराला उठवणार आहोत हे माहीत असूनही तो रडला! म्हणजे "सगळं चांगलंच होणार आहे" हे खरं असलं तरी आत्ता रडणाऱ्यासोबत रडण्याला ती सुट्टी नाही. मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते तोवर सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. दुःखाच्या घरी जाल तेव्हा देवाची इच्छा होती, तो चांगल्या जागी गेला, असली वाक्यं नकोत, बसा, पाणी द्या, चपला आवरा, माहीत असेल तर मेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगा.

घरात ऐकणं याहून अवघड. मुलगा येऊन म्हणतो, "पापा, मॅथ्सचा पेपर बेकार गेला." आपण काय म्हणतो? "बघ अजून मोबाईल. प्रार्थना केली होतीस का?" संपलं, आता तो वर्षभर काही सांगणार नाही. याच्याऐवजी फोन बाजूला ठेवून म्हणा, "बेकार म्हणजे? बस इथे."
"दोन सम आलेच नाहीत, टाइमपण पुरला नाही."
"मग घाबरला असशील तिथे."
"हो, आणि वाटलं घरी तुम्ही ओरडाल."
हे शेवटचं वाक्य बाहेर येण्यासाठी सगळा खटाटोप. याकोब १:१९ मध्ये ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद असा क्रम आहे, आणि ऐकणं पहिलं आहे. अभ्यासाचं बोलायला उद्याचा दिवस आहे.

क्षमेबद्दल इंदूरच्या माणसाने लांबची उदाहरणं शोधू नयेत. सिस्टर राणी मारिया, केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरकडे गरीब शेतकरी आणि आदिवासींमध्ये काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. २००२ च्या रक्षाबंधनाला त्यांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, जेलमध्ये गेली आणि त्या माणसाला राखी बांधली. सुटल्यावर तो केरळला जाऊन त्यांच्या आईला भेटला, मुलगी मारणाऱ्याचा हात त्या माउलीने हातात घेतला. ४ नोव्हेंबर २०१७ ला राणी मारियांना इथे इंदुरात धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आलं. त्या कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, पण मला त्या आपल्याच वाटतात.

या घटनेतल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. खून आणि राखी यांच्यात सात वर्षं आहेत. आपली अपेक्षा असते की रविवारी संदेश ऐकला, सोमवारी क्षमा झाली, आणि बुधवारी परत राग आला की वाटतं आपण ढोंगी आहोत. तसं नसतं, क्षमा केलेलीच असते, ती परत परत करावी लागते इतकंच, नाव घेऊन, मोठ्याने, "प्रभू, आज परत त्यांना सोडते." दुसरं म्हणजे राखी जेलमध्ये बांधली गेली. क्षमा होती आणि शिक्षाही चालू होती. म्हणून ज्या बाईला घरी मारहाण होते तिला "क्षमा कर आणि परत जा" सांगणं मला पूर्ण चुकीचं वाटतं, मग सांगणारे कितीही वडीलधारे असोत. तिला आधी सुरक्षित जागी न्या, महिला हेल्पलाइन १८१ आहे, क्षमेचं तिचं ती आणि प्रभू बघतील.

आता स्वतःची ताकद कशी ओळखायची. आपण कमतरता मोजण्यात पटाईत. योसेफ नावाच्या एका लेव्याला, म्हणजे लेवी वंशातल्या माणसाला, प्रेषितांनी बर्णबा नाव दिलं, म्हणजे धीर देणारा, ते त्याने स्वतः नाही ठेवलं, बघणाऱ्यांनी ठेवलं. पुढे सगळे शौलाला, म्हणजे आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला, घाबरत होते तेव्हा यानेच त्याला प्रेषितांकडे नेलं. म्हणून घरातल्या एकाला आणि मंडळीतल्या एकाला विचारा, "तुम्हाला त्रास असतो तेव्हा मी काय केलेलं बरं वाटतं?" उत्तर ऐकून लाजू नका, लिहून ठेवा. कुणी म्हणेल तू शांत बसतेस, कुणी म्हणेल तू खरं बोलतेस. प्रत्येक ताकदीला एक कड असते हेही बघा, हळव्या माणसाला दुसऱ्याचं ओझं स्वतःचं वाटायला लागतं, स्पष्ट बोलणारा लागट बोलून जातो. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातल्या आत्म्याच्या फळात प्रीती पहिली आणि इंद्रियदमन शेवटी आहे, आपण नेहमी शेवटच्यापासूनच सुरू करतो, दात-ओठ खाऊन स्वतःला आवरतो आणि थकून जातो.

आणि एवढं सगळं करूनही दोन आठवड्यांच्या वर मन उदासच राहिलं, झोप-भूक गेली, कशातच रस वाटेना, जगण्यात अर्थ नाही असं मनात येऊ लागलं, तर डॉक्टरकडे जायचं, जगण्यात अर्थ नाही असं मनात आलं तर दोन आठवडे थांबायचंही नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, दिवस-रात्र चालते. पौलासोबत फिरणारा लूक वैद्यच होता की. गोळ्या चालू असतील तर प्रार्थनेत बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांना विचारून. मंडळीतलं कुणी पहिल्यांदा मानसोपचाराच्या ओपीडीत जात असेल तर त्याला एकटं पाठवू नका, बरोबर जाऊन बसा, नंबर यायला वेळ लागतो, आणि आत काय बोलणं झालं ते बाहेर आल्यावर विचारू नका.