आरसी ट्रकसाठी परवडणारा सर्व्हो कसा निवडावा

दिवाळीनंतर वाळपईकडच्या कापणी झालेल्या शेतात भाच्याचा आरसी (रिमोटवर चालणारा) ट्रक वळता वळता थांबला. मागची चाकं फिरत होती, पुढची मात्र डावीकडे वळली ती तशीच राहिली. "मामा, रिमोट बिघडला?" रिमोट ठीक होता. फोंड्याला घरी येऊन स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर चाकं वळवणारी मोटर-गिअरची छोटी डबी, उघडला, तर नायलॉनच्या गिअरचे तुटलेले दात हातात आले. स्टिकरवर "25 किलो, मेटल गिअर" असं ठळक छापलं होतं. आत धातूचा होता तो फक्त शेवटचा, बाहेरून दिसणारा गिअर. भाचा गप्पच झाला, कारण त्याने साठवलेल्या पैशांतूनच तो सर्व्हो आणला होता. त्याच्यासारख्या नव्या हौशी मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे पैसे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी ठरवा: एक सर्व्हो हवा की दोन?

ट्रक बॅटरीवर चालत असेल तर थ्रॉटलला (वेग कमी-जास्त करायला) सर्व्हो लागतच नाही. मोटरचा वेग ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) सांभाळतो, त्यामुळे सगळे पैसे स्टिअरिंगवर घाला. नायट्रो (नायट्रोमिथेन मिसळलेलं इंधन) किंवा पेट्रोल इंजिनाच्या ट्रकला दोन लागतात: एक चाकं वळवायला, दुसरा कार्बोरेटर उघडायला आणि ब्रेक दाबायला. दोन्हींना सारखाच महागडा सर्व्हो घ्यायची गरज नाही.

ट्रकला किती जोर लागतो ते मोजा

सर्व्होचा जोर किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. 10 किलो-सेंमीचा सर्व्हो अक्षापासून 1 सेंमी अंतरावर 10 किलो ओढतो, 2 सेंमी अंतरावर 5 किलो. म्हणजे हॉर्न (अक्षावर बसणारा, दांडी ओढणारा छोटा हात) लांब केला की ओढ कमी होते.

हा आकडा अंदाजाने घेऊ नका. बॅगा तोलायचा हुकाचा छोटा वजनकाटा बाजारात मिळतो, तो आणा. ट्रकमध्ये बॅटरी घालून तो खरखरीत सिमेंटवर ठेवा. स्टिअरिंगची दांडी सर्व्होपासून सोडवा, तिला काटा अडकवा आणि चाकं पूर्ण वळेपर्यंत दांडीच्या दिशेने हळूहळू ओढा. काट्यावरचा सर्वांत मोठा आकडा आणि हॉर्नची सेंटिमीटरमधली लांबी यांचा गुणाकार करा. आमच्या 1/10 मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढ्या) मॉन्स्टर ट्रकला 2.2 किलो आले, हॉर्न 2 सेंमीचा, म्हणजे 4.4. याची दुप्पट धरायची, कारण पेटीवरचा आकडा हा सर्व्हो जिथे अडून थांबतो तिथला असतो, रोजच्या कामाचा नव्हे. म्हणजे आम्हाला 9-10 किलो-सेंमी खरे हवे होते. "25" ची गरजच नव्हती.

मोजणं जमत नसेल तर ढोबळ माप असं: 1/10 च्या, मोटर दोनच चाकं फिरवते अशा ट्रकला 6 ते 9, चारही फिरवते त्याला 10 ते 15, 1/8 ला 15 ते 25. क्रॉलरचं (दगडांवरून सावकाश चढणाऱ्या ट्रकचं) टायर दगडांच्या फटीत अडकतं आणि तिथूनच वळवावं लागतं, म्हणून त्याला 25 च्या वर.

वेग म्हणजे 60 अंश फिरायला लागणारा वेळ. मोकळ्या जागेत हाकायला 0.15 ते 0.20 सेकंद पुरतात. 0.10 च्या आतले सर्व्हो शर्यतीसाठी. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

स्टिकरवरचा दावा तपासायची एक युक्ती

खोटा आकडा ओळखायला थोडं गणित पुरतं. किलो-सेंमीला सेकंदांनी भागा आणि उत्तराचा दहावा भाग घ्या. हे झाले वॅट. मग त्याच माहितीपत्रकातले व्होल्ट आणि सर्व्हो अडल्यावर तो ओढतो ते अँपिअर यांचा गुणाकार करा. हा गुणाकार पहिल्या आकड्यापेक्षा मोठाच असायला हवा, कारण मोटरमध्ये जेवढी वीज जाते त्याहून जास्त ताकद बाहेर येऊ शकत नाही.

टॉवरप्रो कंपनीच्या एमजी996आर या सर्व्होचं उदाहरण घ्या. 6 व्होल्टवर 11 किलो-सेंमी, 0.14 सेकंद, अडल्यावर 2.5 अँपिअर. 11 भागिले 0.14 म्हणजे 79, दहावा भाग सुमारे 8 वॅट. वीज 15 वॅट. गणित जुळतं. आता कोणी 6 व्होल्टवर 35 किलो, 0.11 सेकंद आणि 2 अँपिअर लिहिलं असेल तर एका बाजूला 32 वॅट आणि दुसरीकडे 12. असा सर्व्हो अस्तित्वात असूच शकत नाही. अँपिअरचा आकडाच दिला नसेल तर मी तरी तो सर्व्हो घेत नाही.

एमजी996आर साधारण 300 ते 500 रुपयांत मिळतो आणि हलक्या 1/10 ट्रकला चालून जातो. तो दरवेळी अगदी त्याच मध्यबिंदूवर परत येत नाही, त्यामुळे सरळ रेषेत ट्रक किंचित भरकटतो; शिकणाऱ्याला हे चालतं. त्याच्या नकला पुष्कळ आहेत. अस्सल सुमारे 55 ग्रॅमचा असतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा. जड ट्रकला डीएस3218 सारखा 20 किलो वर्गातला डिजिटल सर्व्हो घ्या, हजाराच्या आसपास जातो.

हे दोन्ही रोबोटवाल्यांमध्येही खपतात, म्हणून मागवताना प्रकार नीट वाचा. 180 अंशांचाच हवा. 270 चा घेतलात तर त्याच इशाऱ्यावर हॉर्न दीडपट फिरतो आणि दांडी शेवटाला जाऊन आदळते. 360 चा तर गोल फिरतच राहतो, जागा धरत नाही.

दाते, व्होल्ट आणि वीज

सर्व्होच्या अक्षाला बारीक दाते असतात: फुटाबा कंपनीच्या सर्व्होला 25, हायटेकच्या 24, जेआरच्या 23. हॉर्न आणि सर्व्हो सेव्हर (सर्व्होला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा भाग) त्याच दात्यांचा हवा. 25 चा हॉर्न 24 वर दाबून बसवला की दोन्ही गेले. स्वस्त सर्व्हो बहुतेक 25 चेच असतात.

पूर्ण चार्ज झालेली दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी 8.4 व्होल्ट देते. 6 व्होल्टच्या सर्व्होला ती थेट जोडू नका. ईएससीमधला बीईसी (बॅटरीचे व्होल्ट कमी करून देणारा भाग) सर्व्होला वीज पुरवतो, पण स्वस्त ईएससीत तो 2-3 अँपिअरचाच असतो. जोरदार सर्व्होने एकदम वीज ओढली की रिसीव्हर (ट्रकमधला, रिमोटचा इशारा घेणारा भाग) क्षणभर बंद पडतो. पूर्ण वळण घेताना ट्रक झटका खाऊन थांबत असेल तर दोष बहुधा इथेच. उपाय 5 अँपिअरचा वेगळा बीईसी. तो जोडताना ईएससीकडून रिसीव्हरला येणारी लाल तार काढून टेप लावा.

आल्या आल्या तपासा

तळाचे चार स्क्रू काढा. वॉटरप्रूफ म्हटलं असेल तर सांध्यात रबराची रिंग दिसली पाहिजे. मग वरचं झाकण जपून उचला आणि सगळे गिअर धातूचे आहेत ना ते पाहा. गिअर त्याच क्रमाने बसवायचे असतात, म्हणून आधी फोटो काढा. नंतर सर्व्हो रिसीव्हरला जोडून टेबलाच्या कडेला घट्ट बांधा, अक्षाला 5 सेंमीची आडवी पट्टी लावा आणि टोकाला पाण्याची 2 लिटरची बाटली टांगा. रिमोटने वळवल्यावर ती उचलली तर 10 किलो-सेंमी खरे. दोन-तीन सेकंदांत रिमोटवरचा हात काढा, अडवून ठेवलात तर मोटर जळते.

बसवणं

रिमोट आणि ट्रक चालू करा, ट्रिम (मध्य जुळवायचं रिमोटवरचं बटण) शून्यावर आणा, मगच हॉर्न काटकोनात बसवा. हे उलट्या क्रमाने केल्यामुळे नवे सर्व्हो पहिल्याच दिवशी गेलेले मी पाहिलेत. नंतर रिमोटमधली दोन्ही टोकांची मर्यादा कमी करत आणा, पूर्ण वळणावर सर्व्हो गुणगुणायचा थांबेपर्यंत. धातूच्या गिअरबरोबरही स्प्रिंगचा सर्व्हो सेव्हर ठेवाच, कारण दगडावर आपटल्याचा मार तोच झेलतो. फक्त क्रॉलरला तो नको.

आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ अक्षाच्या कडेने आत जाते, म्हणून तिथे पाण्याने न धुपणाऱ्या ग्रीसचं बोट फिरवा. पुळणीवरून आलात तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हलकेच धुऊन, वाळवून, अक्षाला तेलाचा थेंब द्या. मीठ बेअरिंगला लवकर खातं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे मात्र कासवांच्या हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, ट्रक नेऊच नका. वाळूखाली अंडी असतात.

इंजिनाच्या ट्रकचा थ्रॉटल

इथे आदळआपट नाही, त्यामुळे नायलॉन गिअर चालतो. 1/10 ला फुटाबा एस3003 च्या ताकदीचा, 4.8 व्होल्टवर 3.2 आणि 6 वर 4.1 किलो-सेंमीचा, पुरतो. 1/8 ला डिस्क ब्रेक दाबायचा असतो, म्हणून 6 ते 10. स्टिअरिंगवरून काढलेला सर्व्हो सुस्थितीत असेल तर तोच इथे लावा, पैसे वाचतील.

फेलसेफ मात्र विसरायचा नाही. इशारा तुटला तर सर्व्हो ब्रेककडे गेलाच पाहिजे, नाहीतर तीन-चार किलोचा ट्रक भरवेगात कुणाच्या पायावर जाईल. इंजिन बंद ठेवून चाकं उचला, थ्रॉटल अर्धा ओढा आणि रिमोट बंद करा. हॉर्न ब्रेकवर आला का? मग दुसरी चाचणी: थ्रॉटल ओढलेला असतानाच रिसीव्हरच्या बॅटरीची तार काढा. आता फेलसेफही मेलेला असतो. कार्बोरेटरला लावलेल्या स्प्रिंगने तो आपोआप बंद व्हायला हवा. होत नसेल तर जास्त ताणाची स्प्रिंग लावल्याशिवाय इंजिन चालू करू नका.