खरीप ज्वारीआधी टारफुल्याची तयारी

टारफुला हे ज्वारीच्या मुळावर जगणारे परजीवी तण. त्याचा कोंब जमिनीवर दिसतो, तेव्हा ज्वारीचे बरेचसे नुकसान झालेले असते. बी रुजून कोंब वर यायला चार ते सात आठवडे लागतात आणि तेवढा काळ तो ज्वारीच्या मुळाला चिकटून पाणी आणि अन्न ओढत असतो. त्यामुळे खुरपणीच्या भरवशावर राहू नका, तयारी मे महिन्यातच करा.

पहिले काम वहीतले. गेल्या खरिपात टारफुला कुठे कुठे होता, ती ठिकाणे बांधापासूनच्या पावलांनी लिहून ठेवा. हलकी, उताराची, खत कमी पडलेली पट्टी बहुधा आधी सापडेल. याचे बी तंबाखूच्या बीपेक्षाही बारीक असते, एक झाड हजारो बिया टाकते आणि त्या जमिनीत दहा-पंधरा वर्षे जिवंत राहतात. म्हणून बाधित पट्टीची नांगरट, पाळी आणि पेरणी शेवटी करा आणि तिथून निघताना नांगराचे फाळ, पाभर आणि ट्रॅक्टरची चाके शेतातच खरवडून स्वच्छ करा.

प्रादुर्भाव जास्त असेल तर तिथे यंदा ज्वारी, बाजरी, मका यांपैकी काहीच घेऊ नका. ऊसही नको, कारण तोही याचा आश्रय आहे. कापूस, सोयाबीन, भुईमूग, तीळ, सूर्यफूल किंवा चवळी घ्या. ओल्या, उबदार जमिनीत आठ-पंधरा दिवस भिजलेले टारफुल्याचे बी मुळांतून पाझरणाऱ्या विशिष्ट रसायनाची वाट पाहते. असे पहिले रसायन, स्ट्रिगॉल, १९६६ मध्ये कापसाच्याच मुळांतून वेगळे काढले गेले. कापसामुळे बी रुजते, पण त्याच्या मुळात शिरता येत नसल्याने कोंब उपाशी मरतो. ही फेरपालट दोन-तीन वर्षे सलग हवी, एका वर्षाने जमिनीतला बियांचा साठा हलत नाही. त्या काळात आपोआप उगवलेली ज्वारी आणि बांधावरचे, टारफुला ज्याच्या मुळावर जगू शकतो असे गवत काढत राहा, नाहीतर सगळा खटाटोप वाया जातो.

ज्वारी घ्यायचीच असेल तर खताचा हिशेब पेरणीआधी करा. जमीन भुकेली असली की ज्वारीच्या मुळांतून ते रसायन जास्त पाझरते, म्हणून नत्र-स्फुरदात काटकसर इथे महाग पडते. हेक्टरी ८०:४०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश या शिफारशीप्रमाणे एकरी सिंगल सुपर फॉस्फेट १०० किलो, म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे २७ किलो आणि युरिया ३५ किलो पेरणीला द्या. उरलेला ३५ किलो युरिया तिसाव्या दिवसाच्या आसपास, ओल असताना द्या. सोबत तूर घ्यायची असेल तर ज्वारी-तुरीच्या ४:२ किंवा ३:३ ओळींची पद्धत ठेवा. बियाणे बाधित शेतातले घेऊ नका. कणसे जमिनीवर ठेवली असतील तर त्या धान्यासोबत टारफुल्याचे बी येतेच.

आंतरपीक नसलेल्या सलग ज्वारीत पेरणीनंतर दोन दिवसांत ॲट्राझिन ५० टक्के हे तणनाशक, एकरी ४०० ग्रॅम २०० लिटर पाण्यातून फवारता येते. ते इतर तणांसाठी आहे, टारफुल्यासाठी त्यावर विसंबू नका. आंतरपिकात तूर किंवा सोयाबीन असेल तर ते अजिबात वापरू नका. उगवलेल्या टारफुल्यावर २,४-डी हे तणनाशक चालते, पण फवारा फक्त त्याच्यावर, नोझलला हूड लावून, वारा नसताना आणि लेबलवरच्याच मात्रेने द्या. शेजारी कापूस, भेंडी, तूर किंवा द्राक्ष असेल तर विचारच सोडा. वाऱ्यावर गेलेल्या थोड्याशा फवाऱ्यानेही तिथली पाने आकसतात. या औषधाचा पंप वेगळाच ठेवा.

तिसाव्या ते पस्तिसाव्या दिवशी कुदळ आणि पाण्याची बादली घेऊन शेतात जा. जमिनीत ओल असूनही दुपारी माना टाकणारी, पिवळसर, खुजी ताटे निवडा. बरेच जण त्यांना पाणी कमी पडले असे समजून पाणी देत बसतात. ताट ओढू नका, वीतभर खोल मातीच्या ढेकळासकट उचला आणि बादलीत हलवत माती सोडवा. मुळावर पांढरट, खवल्याखवल्यांचे नाजूक कोंब चिकटलेले दिसले, तर शंका उरत नाही.

त्यानंतर दर दहा-बारा दिवसांनी फेरी मारा. खरबरीत अरुंद पाने, चौकोनी खोड आणि बारीक पांढरी फुले ही ओळख. फूल लागताच, बोंडे धरण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना उपटा. कोरड्या मातीत खोड तुटते आणि खालून पुन्हा फुटते. फार लवकर उपटले तरी नवे कोंब येतात, म्हणून फेऱ्या चुकवू नका. उपटलेले सगळे रिकाम्या गोणीत भरा, शेताबाहेर वाळवून जाळा. बांधावर टाकलेल्या झाडाचे बोंड वाळताना फुटते. जनावरांना घालू नका, कारण बी शेणातून जिवंत निघून उकिरड्यात जाते. उकिरड्याचे खत पुन्हा शेतात येतेच.

काढणीत ज्वारी मुळासकट उपटू नका, विळ्याने कापा. मुळांची माती खळ्यावर झटकली की बी कडब्याच्या पेंढीसोबत दुसऱ्याच्या शेतात पोचते. धसकटे उभी ठेवली तर त्यांच्या मुळांवर टारफुला पुढेही फुलत राहतो, म्हणून कापणी आटोपताच आठवड्याच्या आत नांगर घाला.