जीएनएस३ मध्ये एकच राउटर, तरी सीपीयू १०० टक्के: माझा अनुभव

जीएनएस३ (संगणकावरच नेटवर्क उभं करून सराव करायचं सॉफ्टवेअर) मध्ये सिस्कोच्या सी३७२५ मॉडेलचा एकच राउटर सुरू केला की लॅपटॉपचा एक कोअर १०० टक्क्यांवर. रॅम वाढवली, जीएनएस३ पुन्हा टाकलं. दोन रात्री वाया.

मेख इमेजपाशी, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअरच्या फाइलपाशी होती. डायनामिप्स (जीएनएस३ मधलं, राउटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) राउटरचा मिप्स प्रोसेसर उभा करतं, पण आयओएस (सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) कधी नुसतं रिकामं फिरतंय हे त्याला कळत नाही. ते कळतं आयडल-पीसी आकड्यावरून, आणि तो प्रत्येक इमेजचा वेगळा. माझ्याकडे जुन्या इमेजचाच राहिला होता!

बाकीचे राउटर बंद करा. एकच सुरू करून कन्सोलवर पहिल्या प्रश्नाला ‘नो’ म्हणा. प्रॉम्प्ट येऊन संदेश थांबेपर्यंत थांबा (घाई इथेच नडते). मग राउटरवर राइट-क्लिक, ‘आयडल-पीसी’, यादीतला चांदणीवाला (*) आकडा, ‘अप्लाय’. सीपीयू उतरला नाही तर पुढची चांदणी. माझं काम दुसरीवर झालं.