टॉवेल एक्स्पोर्टवाल्यांनो, एआयनं दिलेला एचएस कोड तसाच इन्व्हॉइसवर टाकू नका

आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आता बरेच जण एआयला विचारूनच एचएस कोड (कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय नंबर) टाकायला लागलेत, वेळ वाचतो, मीपण तेच करतो. पण मागं मी नुसतं 'टेरी कॉटन बाथ आयटम' असं लिहून विचारलं तर त्यानं बिनधास्त ६३०२.६० सांगितला, आणि माल होता बाथरोब! सीएचएनं (आपला कस्टम एजंट) डोळे वटारले म्हणून वाचलो. कॉटनचा टेरी टॉवेल ६३०२.६० मधे, तेच कापड रोलनं पाठवलं तर ५८०२, आणि मागावर विणलेल्या कापडाचा शिवलेला रोब म्हणजे कपडा झाला, जेन्टसचा ६२०७ लेडीजचा ६२०८, होजिअरीचं म्हणजे निटेड कापड असेल तर परत वेगळंच.

म्हणून विचारताना माल काय, कशाचा, मागावर विणलेला का निटेड, शिवलाय का, हे सगळं लिहा आणि त्यालाच म्हणा की कुठल्या चॅप्टर नोटवरून (एचएसच्या त्या प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेले नियम) सांगतोस ते दाखव, मग ती नोट स्वतः उघडून वाचा, कारण हा गडी नोटसुद्धा मनानं बनवतो.

ड्यूटीचा दर तर त्याला विचारूच नका. अमेरिकेनं २०२५ च्या ऑगस्टमधे आपल्या मालावर आधी २५ टक्के जादा लावले आणि २७ तारखेला एकूण ५० केले, वीस दिवसांत! त्याच्या डोक्यात कुठल्या महिन्याचा दर बसलाय देव जाणे. दर त्या देशाच्या कस्टमच्या साइटवरच, शिपिंग बिल (एक्स्पोर्टचा कस्टमचा फॉर्म) भरायच्या दिवशी बघायचा, तारखेसकट स्क्रीनशॉट फाइलला लावायचा.

आणि हो, १ जानेवारी २०२८ पासून एचएसची नवी आवृत्ती येतीय, तेव्हा कोडची जुनी एक्सेल शीट परत तपासायला लागणार.