रुंद पंजाच्या पायासाठी क्लायम्बिंग शूज : नागपुरात बसून बनवायचे आणि विकायचे कसे

पहिला पैसा फर्म्यावर, म्हणजे ज्यावर ओढून बूट बनवतात त्या पायाच्या आकाराच्या साच्यावर घाला, रबर-बिबर सगळं नंतर. मी उलटं केलं होतं, आधी भारीतलं रबर मागवलं आणि साध्या बुटाचा फर्मा घेऊन त्यावर अप्पर (बुटाचा वरचा भाग) ओढलं, तर अंगठ्यापुढं बोटभर जागा आणि टाच सैल, म्हणजे रबर कितीही चांगलं असू द्या, होल्डवर (चढताना पाय ठेवायच्या जागेवर) उभं राहिलं की पाय आतल्या आत फिरून राहिला होता. या बुटात पाय हलायलाच नाही पाहिजे, अंगठा टोकाला टेकून थोडा दुमडलेला पाहिजे, आणि ते फर्माच ठरवतो.

मग प्रश्न येतो पाय कोणाचा. बाहेरचे बहुतेक बूट तिकडच्या पायाच्या मापानं बनतात, आपल्याकडं चवडा रुंद असतो. चेन्नईच्या सीएलआरआय या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेनं देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्रीडी स्कॅन केले, त्यातही हेच निघालं आणि त्यावरूनच 'भा' नावाची भारतीय साइझिंग पद्धत मांडली गेली. आपले पोरं काय करतात, चवडा बसावा म्हणून एक साइझ मोठा घेतात आणि मग टाच सुटते. तुमचा बूट हा एकच त्रास मिटवत असेल तरी तो घ्यायला कारण आहे.

म्हणून क्लायम्बिंग वॉलवर (चढाईच्या सरावाच्या भिंतीवर) येणाऱ्या निदान तीस-चाळीस जणांचे पाय मोजा. कागदावर पाय ठेवून पेन्सिल उभी धरून आउटलाइन काढा, चवड्याचा घेर टेपनं घ्या, इनस्टेपचा (पायाच्या वरच्या उंचवट्याचा) घेर, टाचेची रुंदी, आणि सगळं संध्याकाळी घ्या कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. त्यातून मधलं माप काढून फर्मा करणाऱ्याकडं जा. आग्र्याला बुटांचा मोठा धंदा आहे, तिथं सरकारचं सीएफटीआय ट्रेनिंग सेंटरपण आहे, एकदा जाऊन चार दिवस बसलात तर इथं सहा महिन्यांत जे कळत नाही ते कळतं. एक साइझ पक्का होईस्तोवर बाकीचे फर्मे बनवू नका प्लीज, युरोपियन साइझमध्ये अर्धा नंबर म्हणजे फक्त ३.३३ मिलिमीटर, पण क्लायम्बिंगमध्ये तेवढ्यानंच बूट बसतो नाहीतर चावतो.

दुसरं ठरवा दगड कोणता. चिखलदरा, सह्याद्री, सगळीकडं बेसॉल्ट, बारीक धारदार एज (कडा), तिथं अंगठ्याखाली कडक मिडसोल (सोलच्या आतला थर) आणि ४ मिलिमीटरच्या आसपास सोल पाहिजे म्हणजे बुटाची धार टिकते. पचमढी किंवा बदामीचा सँडस्टोन वेगळा, तिथं पाय घासून उभं राहायचं तर सोल जरा मऊ आणि वाकणारा बरा. आतल्या बोल्डरिंगला (बुटक्या भिंतीवर दोराशिवाय चढायला) टो हुकसाठी, म्हणजे बोटांची वरची बाजू अडकवायला, वरून रबर लागतं. तिन्ही एका बुटात घालायला गेलात तर तिन्हीकडं कच्चा राहील. मी बेसॉल्ट आणि रुंद पाय एवढंच धरलं.

पॅटर्नसाठी फर्म्यावर मास्किंग टेप गुंडाळा, त्यावर पेननं रेघा काढा, कापून सपाट करा, झाला कागदी नमुना. आणि एक जुना फाटका बूट उभा कापून बघाच, रँड (बुटाच्या कडेनं फिरणारी रबराची पट्टी) कसा टाचेपासून ताणून पुढं आणलाय, पुढच्या टोकाकडं पाय कसा ढकलला जातो, हे फोटोत दिसत नाही. अप्परला अस्तर नसलेलं लेदर घेतलं तर बूट बराच सैलावतो, मायक्रोफायबर कमी सैलावतं, त्यामुळं मटेरियल बदललं की फिटिंग परत पहिल्यापासून चेक करायचं.

रबर स्वतः बनवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, तयार क्लायम्बिंग रबरची शीट घ्या. खरा घोळ सोल्यूशनचा, म्हणजे रबर चिकटवायच्या गोंदाचा आहे. दोन्ही बाजू घासून खरखरीत करायच्या, धूळ पुसायची, दोन कोट, मधे वाळू द्यायचं, मग गरम करून दाबायचं आणि निदान एक दिवस फर्म्यावरून काढायचं नाही. माझा दुसरा जोड मे महिन्यात बंद गाडीत राहिला, बाहेर ४५ डिग्री, संध्याकाळी रँडची कड उघडलेली. तेव्हापासून प्रत्येक सोल्यूशनची टेस्ट नागपूरच्या उन्हातच घेतो, तीन दुपारी गाडीत, मग वापर. इथं टिकला तो पुण्यात टिकतोच.

टेस्टिंगला एका पायात आपला बूट, दुसऱ्या पायात ओळखीचा बूट, असं दहा जणांना महिनाभर चढवा. लाकडावर ८ मिलिमीटरची पट्टी ठोकून एका पायावर किती सेकंद उभं राहवतं ते लिहा. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला आणि दहाला दोनदा, कारण गरमीत रबर मऊ होऊन एज वळते. मित्र "मस्त आहे भाऊ" म्हणतात, त्याचा काही उपयोग नाही, कुठं दुखलं ते बोट दाखवून विचारा.

फोटो इन्स्टावर टाकायच्या आधी डिझाइन रजिस्ट्रेशनचा अर्ज करा, आधी जगाला दाखवलं की नवेपण गेलं असं धरतात. संरक्षण १० वर्षं, पुढं ५ वाढतात. आपल्या नागपुरातच सिव्हिल लाइन्सला पेटंट माहितीचं सरकारी ऑफिस आणि आयपी (बौद्धिक संपदा) ट्रेनिंग संस्था आहे, तिथं जाऊन विचारा. बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) फुटवेअरचे नियम तुमच्या बुटाला लागतात का तेही लेखी विचारून घ्या.

आता हिशोब. समजा किंमत ६,००० ठेवली. अडीच हजारांवरच्या जोडावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ९१५ तिथंच गेले, उरले ५,०८५. दुकानाला ३० टक्के दिले तर हातात ३,५६० येतात, त्यात मटेरियल, मजुरी, कुरिअर, आणि साइझ बदलून देण्याचा खर्च. हा शेवटचा खर्च सगळे विसरतात आणि तोच खातो. ३९ ते ४३ अर्ध्या नंबरांसकट नऊ साइझ होतात, तेवढ्यावर सुरू करा.

विकायचं वॉलवर. १९८०च्या दशकात बोरियल या स्पॅनिश कंपनीचा फायर नावाचा बूट अमेरिकेतल्या योसेमिटीत पसरला तो जॉन बाखरसारख्या चढणाऱ्यांच्या पायात दिसला म्हणून. प्रत्येक साइझचा एक ट्रायल जोड पिशवीत ठेवा, पोरं चढून बघू देत, आणि ज्याला बसत नाही त्याला सरळ सांगा की दादा तुझा पाय अरुंद आहे, दुसरा घे. त्याच्या पायाचं माप मात्र वहीत लिहून घ्या, अरुंद फर्मा करायची वेळ आली की त्यालाच पहिला फोन करायचा.