जुनी मोटारसायकल घेताना कंपनीचे सर्व्हिस बुलेटिन कसे उपयोगी पडते

नाशिकमध्ये जुनी मोटारसायकल घ्यायची म्हटली की आपण ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो, गंगापूर रोडवर एक फेरी मारतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि आरसी पाहून टोकन देऊन मोकळे होतो. हे सगळे करायलाच हवे. परंतु त्याच मॉडेलच्या हजारो गाड्यांमध्ये कोणता भाग लवकर दगा देतो, हे एका फेरीत कळत नाही. ते कंपनीला मात्र ठाऊक असते आणि तिने ते लिहूनही ठेवलेले असते.

एकाच प्रकारची तक्रार निरनिराळ्या सर्व्हिस सेंटरांकडून येऊ लागली, की कंपनी कारण शोधते आणि आपल्या डीलरांना लेखी सूचना पाठवते. हेच सर्व्हिस बुलेटिन. कोणते लक्षण दिसते, ते कोणत्या चेसिस नंबरांच्या गाड्यांत संभवते, कोणता भाग बदलायचा, त्याचा नवा पार्ट नंबर काय आणि काम कसे करायचे, हे त्यात असते. रिकॉल याहून गंभीर असतो. ज्या दोषामुळे सुरक्षिततेला धोका असतो, त्यासाठी कंपनी गाड्या परत बोलावते आणि ते काम गाडी कितव्याही मालकाकडे असली तरी मोफत होते. बुलेटिनमधले काम बहुधा वॉरंटी असेपर्यंतच मोफत होते, म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत त्याचा खर्च आधीच विचारून घ्यावा.

उदाहरण घ्यायचे तर मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलमधील, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागातील दोषामुळे बुलेट, क्लासिक आणि मिटिऑर मिळून 2,36,966 गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 26,300 क्लासिक 350 गाड्यांचा रिकॉल निघाला. या गाड्या मागे ड्रम ब्रेक असलेल्या आणि 1 सप्टेंबर ते 5 डिसेंबर 2021 या काळात तयार झालेल्या होत्या. मागचा ब्रेक फार जोराने दाबला गेल्यास स्विंगआर्मवरील, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरील ब्रेकचा ब्रॅकेट खराब होण्याची शक्यता होती. कसारा घाट उतरणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पासिंगची तारीख नव्हे, तर गाडी तयार झाल्याचा महिना पाहायचा. नोव्हेंबर 2021 मध्ये तयार झालेल्या गाडीचे पासिंग 2022 मध्ये झालेले असू शकते, आणि विकणारा तिला सहजच ‘बावीसची गाडी’ म्हणतो.

म्हणून पहिले काम चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचण्याचे. बहुतेक मोटारसायकलींवर तो हँडलखालच्या दांड्याच्या नळीवर कोरलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवावे, तिथली धूळ आणि ग्रीस ओल्या फडक्याने पुसावे आणि मोबाइलचा उजेड तिरका पाडावा, म्हणजे अक्षरे उठून दिसतात. एकूण 17 अक्षरे-अंक असतात आणि त्यांत आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. त्यामुळे जे ‘ओ’सारखे दिसते ते शून्यच समजावे. हा नंबर आरसीशी अक्षरशः जुळला पाहिजे. घासलेला किंवा पुन्हा ठोकल्यासारखा वाटला, तर पुढची चौकशी न करता परत फिरावे.

नंबर हाती आला की त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जावे, शक्यतो विकणाऱ्याला सोबत घेऊनच, कारण जुनी नोंद मालकासमोर दाखवायला तेथील लोक सहसा तयार होतात. ‘गाडी चांगली आहे का?’ असे विचारू नये. ‘या चेसिस नंबरवर कोणता रिकॉल किंवा कंपनीने सांगितलेले कोणते काम बाकी आहे का, आणि झाले असेल तर कोणत्या जॉबकार्डवर?’ असे नेमके विचारावे. जॉबकार्ड म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेल्या कामाची नोंद असलेला कागद. भाच्यासाठी इंदिरानगरात एक गाडी पाहिली, तेव्हा मालक मनापासून सांगत होता की सगळी कामे झाली आहेत. नंबर टाकल्यावर एक भाग बदलायचा राहिल्याचे निघाले. तो खोटे बोलत नव्हता; तो दुसरा मालक होता आणि कंपनीचा निरोप पहिल्या मालकाच्या मोबाइलवर गेला होता. मात्र एखादा मालक चेसिस नंबर द्यायलाच टाळाटाळ करत असेल, तर मी ती गाडी सोडून देतो.

आपल्याकडे बुलेटिन ग्राहकाच्या हाती सहसा पडत नाही. पण चाकणला तयार होणारी केटीएम 390 ड्यूक किंवा रॉयल एनफिल्डच्या 650 सीसी गाड्या अमेरिकेतही विकल्या जातात, आणि तेथील रस्ते सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर कंपन्यांनी डीलरांना पाठवलेल्या सूचना कोणालाही मोफत वाचता येतात. त्यातील चेसिस नंबर भारतातल्या गाडीला लावू नयेत. परंतु कोणता भाग तपासायचा, एवढे त्यातून नक्की कळते. ते पान मोबाइलवर घेऊन मेकॅनिकला दाखवावे. भाग बदलल्याचे सांगितले जात असेल, तर शक्य असेल तेथे त्यावरील पार्ट नंबर पाहून नवाच बसवला आहे याची खात्री करून घ्यावी.

काम बाकी निघाले म्हणून सौदा मोडण्याचे कारण नाही. रिकॉलचे काम असेल तर ते पूर्ण करून द्यायला सांगावे आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्यावेत. खर्चाचे काम असेल तर सर्व्हिस सेंटरचा अंदाज लेखी घेऊन किमतीतून वजा करावा. जॉबकार्डची प्रत आरसीसोबत ठेवावी. पेठ रोडच्या आरटीओत गाडी नावावर झाली की त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला जाऊन त्यांच्या नोंदीत आपले नाव आणि मोबाइल नंबर बदलून घ्यावा, म्हणजे पुढचा निरोप जुन्या मालकाकडे जाणार नाही.